मोडण्याचे गणित मांडणारा अभियंता

यंत्रांची विश्वासार्हता तपासणारे कोणतेही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर उघडले की वितरणांच्या यादीत एक नाव हमखास दिसते. ते नाव म्हणजे वायबुल. विमानाच्या इंजिनापासून बॉल बेअरिंगपर्यंत आणि पोलादाच्या दांड्यापासून काचेच्या तंतूपर्यंत कोणती वस्तू किती काळ टिकेल, याचा अंदाज बांधताना हे नाव घेतल्याखेरीज अभियंत्यांचे पाऊल पुढे पडत नाही. मात्र वायबुल हे एका माणसाचे आडनाव आहे आणि त्या माणसाने आयुष्याचा आरंभ गणिताच्या वर्गात नव्हे, तर सैनिकी गणवेशात केला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. वालोदी वायबुल यांचे १९७९ साली निधन झाले. आज ज्या संगणकांवर त्यांचे नाव रोज उमटते ते घराघरांत पोहोचण्यापूर्वीच ते गेले. त्यांच्यामागे त्यांच्या नावाने एक मोठा गोंधळही रुजला. एकदाच मोडणाऱ्या वस्तूंसाठी त्यांनी दिलेले गणित, पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त होणाऱ्या यंत्रांना सरसकट लावले जाऊ लागले. त्या गोंधळाचे मूळ आणि त्यावरचा उपाय समजून घ्यायचा, तर या अभियंत्याच्या आयुष्याकडे वळावे लागते.

समुद्र आणि स्फोट

अर्न्स्ट ह्यालमार वालोदी वायबुल यांचा जन्म १८ जून १८८७ रोजी स्वीडनच्या दक्षिण टोकाकडील स्कोने प्रांतात, विट्सकोव्हले या गावी झाला. वायबुल हे त्या प्रांतातील विद्याव्यासंगी घराणे. स्वीडिश इतिहासलेखनाला साधनचिकित्सेची कठोर शिस्त लावणारे लाउरिट्स आणि कुर्ट वायबुल हे बंधू याच घराण्यातले. जुन्या कागदपत्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हा त्या इतिहासकारांचा बाणा होता. वालोदी यांनी पुढे पोलादाच्या बाबतीत जवळपास तीच वृत्ती दाखवली.

वालोदी यांनी मात्र इतिहासाचा मार्ग धरला नाही. १९०४ साली, जेमतेम सतराव्या वर्षी, ते स्वीडनच्या किनारा संरक्षण दलात दाखल झाले. १९०७ मध्ये ते अधिकारी झाले, १९१६ मध्ये कॅप्टन आणि १९४० मध्ये मेजर झाले. समुद्र, तोफा आणि दारूगोळा यांच्या सहवासात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि त्यांच्या पहिल्या संशोधनाचा विषयही तिथेच सापडला. १९१४ साली त्यांनी स्फोटातून निर्माण होणाऱ्या लहरींच्या प्रसारावर पहिला निबंध लिहिला. पाण्यात स्फोट घडवून आणायचा, समुद्रतळावरून आणि त्याखालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींची नोंद घ्यायची आणि त्यावरून तळाशी साचलेला गाळ कोणत्या प्रकारचा व किती जाडीचा आहे हे ठरवायचे, अशी पद्धत त्यांनी विकसित केली. १९४७-४८ मध्ये हान्स पेटरसन यांच्या नेतृत्वाखाली ‘आल्बाट्रॉस’ या जहाजाने खोल समुद्राच्या संशोधनासाठी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या गाजलेल्या स्वीडिश मोहिमेत गाळाची जाडी मोजण्यासाठी हेच तंत्र उपयोगी पडले.

नोकरी सांभाळून त्यांचे शिक्षण सुरू होते. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२४ साली ते पदवीधर झाले, तेव्हा त्यांची पस्तिशी उलटली होती. उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९३२ साली मिळाली, त्या वेळी ते पंचेचाळिशीच्या घरात होते. मधल्या काळात स्वीडन आणि जर्मनीतील उद्योगांना त्यांनी सल्लागार अभियंता म्हणून सेवा दिली. विद्यापीठाच्या चार भिंतींत वाढलेल्या विद्वानाचे हे चरित्र नव्हे. कारखान्यात प्रत्यक्ष मोडलेले भाग हातात घेऊन ते का मोडले, असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे ते आहे.

सर्वांत कमकुवत कडी

त्या काळातील अभियंत्यांपुढे एक जुना पेच होता. एकाच भट्टीतून निघालेल्या, एकाच मापाच्या, दिसायला अगदी सारख्या अशा पोलादाच्या दहा पट्ट्या ओढून तोडल्या, तर दहाही वेगवेगळ्या ताणाला तुटतात. त्यांची सरासरी काढायची आणि खबरदारी म्हणून एका मोठ्या आकड्याने भागायचे, ही तेव्हाची रीत होती. तुटण्यातला हा विस्कळीतपणा मोजमापातील चूक समजून बाजूला सारला जाई. वायबुल यांनी नेमका तोच अभ्यासाचा विषय केला. विस्कळीतपणा हा पदार्थाचाच गुणधर्म आहे आणि त्यालाही स्वतःचा नियम असला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१९३९ साली स्वीडिश अभियांत्रिकी विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात त्यांनी पदार्थांच्या बळाचा संख्याशास्त्रीय सिद्धांत मांडला. त्याचा गाभा सोपा आहे. साखळी तिच्या सर्वांत कमकुवत कडीपाशी तुटते. एक कडी ठरावीक भार सोसून टिकण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर तशाच शंभर कड्यांची साखळी टिकण्याची शक्यता ९९ टक्के राहत नाही. शंभरही कड्या टिकल्या तरच साखळी टिकते, म्हणून ती शक्यता सुमारे ३७ टक्क्यांवर येते. वायबुल यांनी पोलादाचा अखंड तुकडाही अशा असंख्य अदृश्य कड्यांचा बनलेला मानला. त्यातील एक सूक्ष्म दोष पुरेसा ठरला की सगळा तुकडा गेला. मोठ्या आकाराचा भाग त्याच पदार्थाच्या लहान भागापेक्षा तुलनेने कमी ताणाला का तुटतो, हे कोडेही याच विचाराने उलगडले.

या विचारातून जे सूत्र निघाले त्यात मुख्यतः दोन आकडे असतात. पहिला आकडा आयुष्याचे माप सांगतो. तेवढ्या काळात ६३ टक्क्यांहून थोड्या अधिक वस्तू निकामी झालेल्या असतात. दुसरा आकडा वक्राचा आकार ठरवतो आणि सूत्राची खरी गंमत त्यात आहे. तो एकाहून कमी असेल तर वस्तू कोवळ्या वयात मोडतात आणि सुरुवातीचा काळ तरून गेलेल्या पुढे टिकतात. तो एक असेल तर मोडणे निव्वळ योगायोगाचे असते, वयाशी त्याचा संबंध नसतो. एकाहून अधिक असेल तर वस्तू झिजून, थकून मोडतात. एकाच सूत्रात बालमृत्यू, अपघात आणि वार्धक्य अशा तिन्ही अवस्था सामावणे हे त्याचे मोठे बळ होते.

१९४१ साली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तांत्रिक भौतिकशास्त्राचे संशोधन-प्राध्यापकपद खास वायबुल यांच्यासाठी निर्माण झाले. त्यासाठीचा पैसा बोफोर्स या शस्त्रनिर्मिती कंपनीने दिला. भारतीय वाचकाला हे नाव १९८७ पासून वेगळ्याच कारणाने परिचित आहे. तोफेची नळी कधी आणि का फुटते, या प्रश्नात अशा कंपनीला रस असणे स्वाभाविकच होते.

सात उदाहरणे आणि भारतीय कापूस

वायबुल यांची कीर्ती ज्या निबंधावर उभी आहे तो १९५१ साली अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. इतर लोक निवृत्तीची तयारी करतात त्या वयात त्यांनी आपले सूत्र जगापुढे ठेवले आणि सोबत सात उदाहरणे दिली. बोफोर्सच्या पोलादाचे बळ, कोळशाच्या राखेतील कणांचे आकार, भारतीय कापसाच्या तंतूचे बळ, सूक्ष्म सागरी जीवांची लांबी, पोलादाचा थकवा, ब्रिटिश बेटांवर जन्मलेल्या प्रौढ पुरुषांची उंची आणि घेवड्याच्या दाण्यांची रुंदी, अशी ती यादी होती. तुटण्याशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीही त्यात होत्या. भारतातील कापूस त्या यादीत असावा, हा योगायोग इथल्या वाचकाला सुखावणारा आहे.

स्वागत मात्र उत्साहाचे झाले नाही. राख, कापूस, माणसे आणि घेवडा या सर्वांना एकच सूत्र कसे लागू पडेल, असा संशय अनेकांनी व्यक्त केला. या सूत्रामागे सखोल सैद्धांतिक आधार असल्याचा दावा खुद्द वायबुल यांनीही केला नव्हता. निसर्गातील वितरणे मुळातून सिद्ध करता येतील अशी आशा धरण्यापेक्षा एक सोपे सूत्र निवडावे, ते अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहावे आणि अधिक चांगले सापडेपर्यंत वापरावे, अशी त्यांची व्यवहारी भूमिका होती. हे सूत्र त्यांच्याआधी कोणालाच सुचले नव्हते असेही नाही. फ्रान्सचे मोरिस फ्रेशे यांनी १९२७ मध्ये आणि इंग्लंडचे फिशर व टिपेट यांनी १९२८ मध्ये टोकाच्या मूल्यांचा अभ्यास करताना या कुळातील वक्र गाठले होते. १९३३ मध्ये रोझिन आणि रामलर यांनी कोळशाच्या भुकटीसाठी असेच सूत्र वापरले होते. वायबुल यांचे श्रेय असे, की त्यांनी ते गणितज्ञांच्या कपाटातून काढून कारखान्यातील अभियंत्याच्या हाती दिले. खास आखलेल्या कागदावर बिघाडांचे बिंदू मांडले की ते सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या चढावरून आकाराचा आकडा वाचता येतो, ही सोय ज्याला मिळाली त्याने पुन्हा मागे वळून पाहिले नाही.

बेअरिंगच्या क्षेत्रात तर मान्यता आधीच मिळाली होती. स्वीडनच्याच गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विद पाल्मग्रेन यांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचा सिद्धांत वायबुल यांच्या विचारावर उभारला. शंभरातील नव्वद बेअरिंगे जितका काळ तग धरतील तो काळ म्हणजे बेअरिंगचे आयुष्य, ही मोजणी आजही चालते. अमेरिकन हवाई दलाने वायबुल यांच्या संशोधनाचे मोल ओळखले आणि १९७५ पर्यंत त्याला आर्थिक पाठबळ दिले. विमानांच्या बाबतीत हजार इंजिने मोडेपर्यंत थांबता येत नाही. दोन-तीन बिघाडांवरूनच निर्णय घ्यावा लागतो. अशा मोजक्या नोंदींवर चालणारी पद्धत हवाई दलाला हवी होती आणि ती वायबुल यांच्याजवळ होती.

१९६१ साली धातूच्या थकव्यावरील त्यांचा ग्रंथ आला. १९६३ मध्ये आल्फ्रेड फ्रॉइडेनथाल यांच्या निमंत्रणावरून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले. टोकाच्या मूल्यांच्या शास्त्रातील अधिकारी एमिल गुम्बेल तिथेच होते. सिद्धांतवादी गुम्बेल एकीकडे आणि वायबुल व फ्रॉइडेनथाल हे दोन अभियंते दुसरीकडे, अशी मैत्रीपूर्ण चुरस तिथल्या तरुण संशोधकांनी पाहिली. पंचाहत्तरी ओलांडलेले वायबुल न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात बर्फाळ वाटेवरून आधाराचा हात नाकारून चालत, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्याने सांगितली आहे. झिजण्याचे गणित मांडणाऱ्या या माणसाला स्वतःला झीज फारशी शिवली नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने त्यांना सुवर्णपदक दिले. १९७८ मध्ये स्वीडिश अभियांत्रिकी विज्ञान अकादमीचे मोठे सुवर्णपदक राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या हस्ते त्यांना प्रदान झाले. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी फ्रान्समधील आनसी येथे, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

नावाने घातलेला घोळ

वायबुल यांनी अभ्यासलेल्या नमुन्यांत एक गोष्ट समान होती. तुटलेली पोलादी पट्टी पुन्हा जोडली जात नाही. तुटलेला कापसाचा तंतू पुन्हा चाचणीला येत नाही. प्रत्येक नमुन्याला एकच आयुष्य आणि एकच शेवट. घरातला दिवा असाच असतो; गेला की फेकायचा आणि नवा लावायचा. पण शहरातील बस, कारखान्यातील पंप, इमारतीची लिफ्ट किंवा रुग्णालयातील श्वसनयंत्र बिघडले म्हणून कोणी फेकून देत नाही. ते दुरुस्त होते, पुन्हा चालते आणि पुन्हा बिघडते. अशा यंत्राच्या बाबतीत प्रश्न ‘ते किती दिवस जगेल’ असा राहत नाही. त्याचे बिघाड वयाबरोबर वाढत आहेत, घटत आहेत की एकाच गतीने होत आहेत, हा खरा प्रश्न असतो.

हा दुसरा प्रश्न १९६० च्या दशकात पुढे आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील जेम्स ड्वेन यांनी १९६४ मध्ये दाखवले, की विकसित होत असलेल्या यंत्रांचे एकूण बिघाड आणि एकूण वापर लघुगणकी कागदावर मांडले तर सरळ रेषा मिळते. १९७४ मध्ये अमेरिकन लष्करात काम करणारे लॅरी क्रो यांनी त्याला संख्याशास्त्राची बैठक दिली. बिघाडांचा वेग यंत्राच्या एकूण वयाच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात बदलतो, असे हे प्रारूप सांगते. गंमत अशी, की या वेगाचे सूत्र दिसायला थेट वायबुल यांच्या सूत्रासारखे आहे आणि अशा यंत्राचा पहिला बिघाड कधी होईल याचे उत्तरही वायबुल वितरणच देते. त्यामुळे या प्रारूपाला ‘वायबुल प्रक्रिया’ असे नाव चिकटले आणि घोळ सुरू झाला.

नाव एक, सूत्र सारखे, म्हणून गणितही एकच असा समज पसरला. दोन बिघाडांमधील अंतरे गोळा करायची आणि त्यांवर वायबुल वितरण बसवून मोकळे व्हायचे, अशी सवय लागली. हॅरॉल्ड ॲशर आणि हॅरी फाइनगोल्ड यांनी १९८४ साली दुरुस्तीयोग्य यंत्रणांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात गैरसमज आणि त्यांची कारणे यांना शीर्षकातच स्थान दिले. दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव आणि एकच परिभाषा देण्यामुळे अभियंत्यांची कशी दिशाभूल होते, हे त्यांनी कठोरपणे दाखवून दिले.

दिशाभूल किती मोठी असू शकते हे साध्या हिशेबावरून कळते. समजा, दोन पंप आहेत आणि दोघांचेही पाच बिघाड झाले आहेत. पहिल्या पंपाच्या बिघाडांमधील अंतरे अनुक्रमे २०, ५०, ९०, १६० आणि २८० तास आहेत. दुसऱ्याची अंतरे तीच, पण उलट क्रमाने, म्हणजे २८०, १६०, ९०, ५० आणि २० तास. दोन्ही पंप ६०० तास चालले. दोघांच्याही बिघाडांत सरासरी १२० तासांचे अंतर आहे. या अंतरांवर वायबुल वितरण बसवले तर दोन्ही पंपांचे उत्तर तंतोतंत सारखे येते, कारण वितरणाला क्रम ठाऊकच नसतो. प्रत्यक्षात पहिला पंप सुधारतो आहे आणि दुसरा मरणपंथाला लागला आहे. हेच आकडे एकूण वयाच्या हिशेबाने घातनियमाच्या प्रारूपात घातले, तर पहिल्या पंपाचा घातांक सुमारे ०.६७ येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ४.०६. एकाहून कमी म्हणजे सुधारणा, एकाहून जास्त म्हणजे ऱ्हास. पाच बिघाडांवरून ठाम निष्कर्ष काढणे धोक्याचे असले, तरी दिशा स्पष्ट दिसते. दुसऱ्या पंपाच्या जागी विमानातील यंत्रणा किंवा श्वसनयंत्र असेल, तर सरासरी १२० तासांचा दिलासा किती महाग पडेल, हे वेगळे सांगायला नको.

तक्ता कसा मांडावा

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये पुनरावर्ती घटनांचे विश्लेषण करताना बटण दाबण्यापूर्वीची मांडणी निर्णायक ठरते. तक्त्याचा पहिला रकाना यंत्राच्या ओळखक्रमांकाचा असावा. तो गाळला तर काय होते, याचा धडा फ्रँक प्रोशन यांनी १९६३ मध्येच दिला होता. बोइंग ७२० विमानांच्या वातानुकूलन यंत्रणांतील बिघाड एकत्र केले असता बिघाडांचा धोका काळाबरोबर घटत असल्याचे दिसत होते. विमानागणिक पाहिले तेव्हा मात्र प्रत्येकाचा धोका आपापल्या पातळीवर स्थिर असल्याचे चित्र जुळले. पातळ्या निरनिराळ्या होत्या इतकेच. वेगवेगळी विमाने एका पोत्यात भरल्याने सुधारणेचा आभास निर्माण झाला होता.

दुसरा रकाना वयाचा. ते मागच्या दुरुस्तीपासून मोजायचे नाही. यंत्र सेवेत आल्यापासूनचे एकूण तास, किलोमीटर किंवा दिवस नोंदवायचे. प्रत्येक बिघाडाची एक ओळ आणि तिच्यात त्या क्षणीचे एकूण वय, अशी ही रचना असते. दुरुस्तीने यंत्र नव्यासारखे होते असे मानले तर मधली अंतरे पुरेशी ठरतात. पण एक वॉशर बदलल्याने जुना पंप नवा होत नाही. बहुतेक दुरुस्त्या यंत्राला ‘जैसे थे’ अवस्थेत परत आणतात आणि तिथे एकूण वयच खरे बोलते. नोंदी सुरू झाल्या तेव्हा यंत्र आधीच तीन वर्षे जुने असेल, तर त्याचा आरंभ शून्यापासून न धरता तीन वर्षांपासून धरावा लागतो.

तिसरा रकाना त्या ओळीत काय घडले ते सांगतो. बिघाड झाला की निरीक्षण संपले, हे त्यातून कळते. नवशिक्यांचा पाय हमखास इथेच घसरतो. प्रत्येक यंत्राची शेवटची ओळ निरीक्षण थांबल्याच्या वयाची असली पाहिजे, मग त्या क्षणी बिघाड झालेला नसला तरी चालेल. ज्या यंत्रात एकही बिघाड झाला नाही, त्याचीही अशी एक ओळ हवीच. ठरावीक मुदतीची देखभाल हा बिघाड नव्हे. तिला वेगळी खूण द्यावी, नाहीतर काळजीपूर्वक सांभाळलेले यंत्रच सर्वांत वाईट ठरते.

शेवटच्या ओळीचे महत्त्व वेन नेल्सन यांच्या कामातून ठसते. ४१ डिझेल इंजिनांतील व्हॉल्व्ह सीट बदलण्याच्या नोंदींचे त्यांनी केलेले विश्लेषण या विषयातले अभिजात उदाहरण मानले जाते. काही इंजिनांत एकही बदल करावा लागला नव्हता. त्यांना वगळले असते तर उरलेली इंजिने होती त्याहून वाईट भासली असती. नेल्सन यांनी १९८८ च्या सुमारास पुढे आणलेली आलेखाची रीत एखाद्या वर्गातील मुलालाही जमेल इतकी सोपी आहे. प्रत्येक बिघाडाच्या वयाला किती यंत्रे निरीक्षणाखाली आहेत ते मोजायचे, एकाला त्या संख्येने भागायचे आणि येणारा भागाकार आधीच्या बेरजेत मिळवत जायचे. चाळीस यंत्रे निरीक्षणात असताना बिघाड झाला तर बेरीज चाळिसाव्या भागाने वाढते. दहाच उरली असतील तर दहाव्या भागाने. एका यंत्रामागे त्या वयापर्यंत सरासरी किती बिघाड झाले, हे या वक्रावरून वाचता येते. वक्र वर वळत गेला तर ताफा ऱ्हासाकडे निघाला आहे, खाली झुकला तर सुधारतो आहे, सरळ राहिला तर वयाचा प्रश्न नाही. हा आलेख आधी काढावा आणि घातनियमाचे प्रारूप त्यानंतर बसवावे, हा क्रम सुज्ञ मंडळी पाळतात.

सॉफ्टवेअरनिहाय तपशील थोडा बदलतो. ‘मिनीटॅब’मध्ये दुरुस्तीयोग्य यंत्रणांसाठी स्वतंत्र विभाग आहे. ‘जेएमपी’मध्ये पुनरावृत्तीच्या विश्लेषणाची वेगळी सोय आहे आणि ‘सॅस’मधील विश्वासार्हतेच्या प्रक्रियेत नेल्सन यांचा वक्र काढता येतो. ‘आर’मधील ‘सर्व्हायव्हल’ या पॅकेजला प्रत्येक ओळीत कालखंडाचा आरंभ, शेवट आणि शेवटी घटना घडली की नाही, अशी तीन मूल्ये लागतात. एका कालखंडाचा शेवट हाच पुढच्याचा आरंभ असतो. एकाच वयाला दोन बिघाड नोंदले गेले तर शून्य लांबीचा कालखंड तयार होतो आणि ती ओळ बाद होते, हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय एकाच यंत्राच्या ओळी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून अनिश्चितता मोजताना त्यांचा गट एकत्र धरण्याची सूचना द्यावी लागते. ही सूचना विसरली तर आकडे वाजवीपेक्षा अधिक ठाम दिसतात.

हे सारे घडले ते वायबुल यांच्या सूत्राच्या सीमेपलीकडे. त्यांचे गणित चुकले असे कोणीही म्हणत नाही. पोलादाची पट्टी, बेअरिंग किंवा तंतू समोर असेल तर ते आजही पहिल्या पसंतीचे आहे. आपले सूत्र सर्वत्र चालेल असा हट्ट त्यांनी कधी धरला नव्हता. अनुभवाशी जुळेपर्यंतच ते वापरावे, अशी त्यांची अट होती. इतिहासकार बंधूंनी कागद विश्वासार्ह आहे का हे आधी तपासले आणि वालोदी यांनी सूत्र आकड्यांशी जुळते का हे. दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागणाऱ्या यंत्रापुढे बसलेल्या अभियंत्यालाही यादीतील ‘वायबुल’ या नावावर टिचकी मारण्यापूर्वी तेवढीच तपासणी करावी लागते. बिघाडांच्या नोंदी कोणत्या क्रमाने आल्या आणि निरीक्षण थांबल्याची शेवटची ओळ प्रत्येक यंत्रापुढे आहे का, एवढे दोन प्रश्न त्याने स्वतःला विचारले, तर ९२ वर्षे जगलेल्या या स्वीडिश अभियंत्याच्या नावाचा मान राखला जाईल.